कुठे थांबायचं

नारळ पाडणारा कधी पहाटे येत नाही. निर्मळ, गास, भुईगाव, नंदाखाल, आगाशी असा जो वाड्यांचा पट्टा वसईच्या पश्चिमेला समुद्राच्या कडेकडेने गेला आहे, तिथे लहानपण गेलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं. फुलं खुडणाऱ्या बायका अंधारात वाडीत शिरतात, भाजीच्या टोपल्या पहिल्या लोकलला चढतात, पण माडावर चढणारा माणूस उन्हं खोडाला लागल्याशिवाय दारात उभा राहत नाही. हा आळस नव्हे. रात्रीच्या दवाने माडाचं खोड ओलं असतं, पावसाळ्यानंतर तर त्यावर शेवाळाचा बारीक थर असतो, आणि त्या थरावर उघड्या पायाचा तळवा कसा वागेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. म्हणून सकाळी आठ ते अकरा. त्यानंतर डोक्यावर ऊन, हाताला घाम, आणि घाम म्हणजे पुन्हा दवच.

आमच्याकडे जे यायचे त्यांना घरातले सगळे काकाच म्हणत. ते आईला वहिनी म्हणत. सायकलला गुंडाळलेला दोर, कमरेला मागच्या बाजूला अडकवलेला कोयता, आणि कधीही बदलताना न दिसलेली खाकी अर्धी चड्डी. आल्या आल्या चढतील तर काका कसले! आधी माडाभोवती एक फेरी. मग मान वर करून शेंड्याकडे टक लावून पाहणं. मग कोयत्याच्या पाठीने खोडावर दोन टोले. लहानपणी मला वाटायचं, माडाला नमस्कार वगैरे करण्याचा तो त्यांचा प्रकार असेल. पुढे कळलं की ते तपासणी करत होते. निरोगी खोडाचा आवाज भरीव येतो, आत कूज लागलेल्या खोडाचा बद्द. बुंध्याशी टणक, तांबूस, चकचकीत अळंबी दिसली किंवा खोडातून तपकिरी रस पाझरताना दिसला, तर समजायचं की मुळांकडून बुरशी वर सरकते आहे. शेंड्यात गांधीलमाश्यांचं पोळं आहे का, वाळलेली झावळी हलक्या हाताला सुटेल की लोंबकळत राहील, आणि सर्वांत महत्त्वाचं, विजेची तार झावळीच्या टोकापासून किती अंतरावर आहे. ओली झावळी तारेला टेकली की माडच तार होतो.

हे सगळं पाहून झालं की दहापैकी एखाद्या माडाबद्दल ते म्हणत, "ह्याच्यावर नाही." कारण सांगत नसत, आणि आईही विचारत नसे.

या माणसाला मराठीत धड नाव नाही. सिंधुदुर्ग-गोव्याकडे नारळ उतरवणाऱ्याला पाडेली म्हणतात. आपल्याकडे नारळवाला म्हटलं तर विकणारा डोळ्यांपुढे येतो. शहरात त्याला नुसतं 'झाडवाला' म्हणतात. इंग्रजी मुलखात मात्र याच कामाला 'ट्री सर्जन', म्हणजे झाडांचा शल्यविशारद, असं भारदस्त बिरुद आहे. त्यामागे जॉन डेव्ही नावाचा माणूस आहे. १८४६ साली इंग्लंडातल्या सॉमरसेटमध्ये जन्मलेला हा माळी अमेरिकेत ओहायोला गेला आणि १९०१ मध्ये त्याने 'द ट्री डॉक्टर' नावाचं पुस्तक लिहिलं. आजारी झाड तोडून टाकण्याआधी त्याच्यावर उपचार करावेत, हे त्याचं सांगणं तेव्हा विक्षिप्त वाटलं असणार. आपल्याला ते वाटायला नको होतं. सुरपालाच्या 'वृक्षायुर्वेदा'त झाडांचेही वात, पित्त, कफ सांगितले आहेत आणि त्यांवर लेप व काढे दिले आहेत. पण आपल्याकडे ग्रंथ एका माणसाच्या हातात राहिला आणि कोयता दुसऱ्याच्या. दोघांची कधी गाठ पडली नाही, हे आपल्याकडच्या पुष्कळ विद्यांचं झालं तेच.

वसईत कोयता होता तो बऱ्याच अंशी भंडाऱ्यांच्या हातात. माडाची माडी, ताडाची ताडी काढायची तर रोज सकाळ-संध्याकाळ चढावं लागतं. पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, बांधायची, तिचं टोक कापायचं, मडक्यात साठलेला रस उतरवायचा. वर्षातून सहा-आठ वेळा नारळासाठी चढणं वेगळं आणि दिवसातून दोनदा चढणं वेगळं. म्हणून रस काढायच्या झाडांना पायऱ्यांसारख्या खाचा पाडत. इंग्रज सरकारने १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने या झाडांवरचा कर आणि परवाने आवळले, आणि स्वातंत्र्यानंतर १९४९ साली दारूबंदीचा कायदा आला. चढणाऱ्यांचा एक मोठा वर्ग या दोन घावांत धंद्यातून उठला. काही नारळ पाडण्याकडे वळले, काही गिरणीत गेले, काहींची मुलं शिकून कचेरीत बसली.

खाचा मात्र अजून आहेत. जुन्या माडांच्या खोडावर, हातभर अंतराने, एका आड एक. आंब्याच्या खोडाला अशी खाच पाडली असती तर दहा-पंधरा वर्षांत सालीने ती कडेकडेने गिळून टाकली असती. माडाला ते जमत नाही. आंबा, चिंच, वड यांच्या सालीखाली वाढणाऱ्या पेशींचा एक पातळ थर असतो, तो दरवर्षी खोडाला नवं लाकूड आणि नवी साल देतो. माड हा गवताच्या जवळचा. त्याला हा थर नसतोच. खोड एकदा जेवढं जाड झालं तेवढं झालं, आणि त्याला पडलेली जखम शेवटच्या दिवसापर्यंत तशीच उघडी राहते. माडाचं खोड ही न पुसता येणारी वही आहे. एखाद्या उन्हाळ्यात पाणी कमी पडलं असेल तर त्या काळात वाढलेला खोडाचा भाग बारीक राहतो, आणि ती बारीक कंबर माड आयुष्यभर मिरवतो.

याच शरीररचनेमुळे माडाची 'छाटणी' हा शब्दच चुकीचा आहे. माडाला फांद्या नाहीत, वाढीचा कोंब एकच, तोही शेंड्याच्या मध्यावर, झावळ्यांच्या बुडात लपलेला. तो गेला की माड गेला. निरोगी माडाच्या डोक्यावर साधारण तीसेक झावळ्या असतात आणि महिन्याला सुमारे एक नवी उलगडते. प्रत्येक झावळीच्या बगलेत एक पोय, म्हणजे नारळाचा एक होऊ घातलेला घड. फुलापासून पिकलेल्या नारळापर्यंत जवळपास वर्ष जातं, आणि तेवढा काळ तो घड खालच्या झावळीच्या देठावर टेकून असतो. म्हणून जाणता चढणारा वाळलेली झावळी काढतो, पिवळी पडलेली काढतो, हिरवीला हात लावत नाही. नवशिका 'साफ करून देतो' म्हणत डोक्यावर झाडूसारख्या चार झावळ्या ठेवतो. घरमालक खूश होतो, कारण त्याला पैशाचा मोबदला डोळ्यांना दिसतो. सहा महिन्यांनी घड अर्धे का आले याचा त्या सकाळशी संबंध कुणी लावत नाही.

वर गेल्यावर नारळ पाडणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे शेंड्याची झाडाझडती. नवी उलगडलेली झावळी कात्रीने कापल्यासारखी त्रिकोणी कातरलेली असेल तर गेंड्या भुंगा येऊन गेला. त्याने कोंबात भोक पाडलेलं असतं आणि भोकाच्या तोंडाशी चघळलेल्या तंतूंचा चोथा असतो. काका सोबत तारेचा एक आकडा ठेवत. भोकात घालून फिरवला की टोकाला भुंगा अडकून येई, शिंगासकट. मग झावळ्यांच्या बेचक्यांत वाळू आणि निंबोळी पेंड मिसळून भरायची. कृषी विद्यापीठाच्या पत्रकांत आज हाच उपाय छापलेला असतो. दुसरा शत्रू लाल सोंड्या भुंगा. तो वाईट, कारण त्याच्या अळ्या खोडाच्या आत बसून खातात आणि बाहेरून काही दिसत नाही. खोडाला कान लावला तर कुरतडल्याचा आवाज येतो, असं म्हणतात. काका लावत. मलाही एकदा लावायला सांगितला होता. मला माझ्याच रक्ताचा आवाज ऐकू आला.

हे चढणं किती धोक्याचं असतं ते आकड्यांत मांडून पाहू. माड पंधरा मीटर उंच धरा. तिथून सुटलेला दीड किलोचा नारळ पावणेदोन सेकंदांत जमिनीवर येतो, आणि येतो तेव्हा त्याचा वेग ताशी साठ किलोमीटरच्या वर असतो. माणसाचं गणितही तेच. वजन वेगळं असलं तरी वेग तोच. कमरेला दोर बांधणारे फार थोडे. पायांत अडकवलेला दोरीचा वेढा, दोन तळवे, दोन हात, एवढ्यावर सगळं चालतं. केरळमध्ये चढणारे मिळेनासे झाले तेव्हा नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये तरुणांना यंत्राने चढण्याचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. दोन्ही पायांना एकेक चौकट, तिला खोडाभोवती तारेचा वेढा. जिना चढल्यासारखं पाय उचलत वर जायचं. कण्णूर जिल्ह्यातल्या चेंबेरी गावच्या एका शेतकऱ्याने हे यंत्र घडवलं, म्हणून ते चेंबेरी यंत्र. मंडळाचं एक फार्म आपल्याच जिल्ह्यात, पालघरजवळ आहे. यंत्र चांगलं आहे, पण वाकड्या माडावर ते रडतं, आणि वसईच्या वाड्यांतले निम्मे माड उजेडाच्या शोधात वाकलेले असतात. मंडळाची 'केरा सुरक्षा' नावाची अपघात विमा योजनाही आहे. योजनेच्या नावातच केर म्हणजे नारळ आहे. तोच माणूस दुपारी गुलमोहरावर चढला तर तो कोण, हा प्रश्न उरतोच.

आणि दुपारी तो गुलमोहरावरच असतो. या धंद्यात गेल्या तीस-पस्तीस वर्षांत झालेला बदल हाच. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि भोवतालची गावं मिळून ३ जुलै २००९ रोजी महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाख बावीस हजारांवर होती. वाड्या प्लॉट झाल्या, प्लॉट सोसायट्या झाल्या. वाडीत झाड हे पीक होतं. ते जगलं तर चढणाऱ्याला पुन्हा बोलावणं येणार, म्हणून ते जगवण्यात मालकाचा आणि चढणाऱ्याचा स्वार्थ एकच होता. सोसायटीत झाड ही भीती असते. गाडीवर पडेल, खिडकीत येतं, पानं गटारात जातात, माकडं येतात. बोलावणारा माणूस झाडासाठी बोलावत नाही, भीतीसाठी बोलावतो. आणि भीतीला मापाने कापलेलं पुरत नाही. "अजून थोडं घ्या" हे वाक्य झाडवाल्याने दिवसातून किती वेळा ऐकलं असेल!

इथे कसब लागतं ते वेगळं. माडावर चुकायला जागा एकच होती, कोंब. पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, सोनमोहर या रस्त्याकडेच्या झाडांवर दर फांदीला चुकता येतं. पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेचा आणि गुलमोहर मादागास्करचा. दोघेही भराभर वाढून छत्रीसारखे पसरतात, आणि दोघांचंही लाकूड ठिसूळ.

फांदीच्या वजनाचा लोकांना अंदाज नसतो. तीस सेंटिमीटर जाड आणि तीन मीटर लांब असा फांदीचा ओंडका बाहेरून फार मोठा दिसत नाही. त्याचं घनफळ काढलं तर एक पंचमांश घनमीटरच्या थोडं वर येतं, आणि ओलं लाकूड जवळपास पाण्याइतकंच जड धरलं तर हा तुकडा दोनशे किलोच्या आसपास भरतो. खाली पार्किंग, बाजूला कपड्यांच्या दोऱ्या, वर केबल. हा तुकडा टाकायचा नसतो, उतरवायचा असतो. त्यासाठी झाडावरच्या माणसाइतकाच खालचा दोरवाला महत्त्वाचा. तो दोर हातात धरून लोंबकळत नाही, बुंध्याला वेढे देतो. दोर आणि साल यांतला घर्षणांक ०.३ धरला तर एका पूर्ण वेढ्याने ओढ साडेसहा पटीने कमी होते, दोन वेढ्यांनी चाळीस पटीहून अधिक. म्हणजे दोनशे किलो शांतपणे लोंबत असतील तर खालच्या माणसाच्या हाताला पाच किलो लागतात. नायगावच्या किंवा अर्नाळ्याच्या बंदरात खुंट्याला दोर गुंडाळून होडी थोपवणारा कोळी हेच करतो. मात्र फांदी सुटून दोराला हिसका बसला तर हे शांत गणित मोडतं. म्हणून वरचा फांदी तोडून मोकळा होत नाही, वाकवत वाकवत सोडतो.

कापायची रीतही ठरलेली. आधी मूळ जागेपासून हातभर पुढे, फांदीच्या खालच्या बाजूने एक खाच. मग तिच्याही थोडं पुढे वरून काप. फांदी खाली येते, आणि सोलत जाणारी साल त्या खाचेपाशी थांबते. खाच घेतली नाही तर फांदी पडताना बुंध्याची साल हातभर ओढून नेते. शेवटी उरलेला खुंट काढायचा. कुठे काढायचा, यातच झाडवाल्याची पारख आहे.

फांदी जिथे बुंध्याला मिळते तिथे एक सुजल्यासारखी वळी असते. बोटं फिरवली की कळते. ती फांदीची नव्हे, बुंध्याची असते. आपली कातडी फाटली की तिथे नव्या पेशी येऊन ती भरते. झाडाकडे ही सोय नाही. कुजलेलं लाकूड झाड दुरुस्त करत नाही, ते कुजीच्या भोवती तटबंदी उभारतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवत राहतं. अमेरिकेच्या वनसेवेतल्या अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून हे दाखवलं आणि १९७७ मध्ये त्याची मांडणी प्रसिद्ध केली. त्या वळीत तटबंदीचा सगळ्यांत भक्कम भाग असतो. बुंध्याला चिकटून सफाईने कापलं की वळीच उडते. वसईच्या किल्ल्याला १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने सान सेबास्तियन बुरुजाशी सुरुंग लावून खिंडार पाडलं होतं. सफाईदार कापाने आपण तेच करतो, फक्त आपल्याला तो किल्ला जिंकायचा नसतो. उलट लांब खुंट ठेवला तर तो वाळून कुजतो आणि कुजीला आत जायला वाट देतो. म्हणजे वळीच्या बाहेर, पण वळीला लागून. बोटभर इकडे किंवा तिकडे.

शिगोंचं आणखी एक म्हणणं आपल्याकडे पचत नाही. जखमेवर डांबर किंवा रंग फासल्याने कूज थांबत नाही, उलट ओल आत कोंडली जाते. आंबा बागायतदार मोठ्या कापावर बोर्डो पेस्ट लावतात, ती बुरशीनाशक असते, तिची गोष्ट वेगळी. पण सोसायटीच्या सचिवांना काळं डांबर दिसलं की उपचार झाल्यासारखं वाटतं. झाडवाला डांबर लावतो. त्यालाही संध्याकाळी पैसे घ्यायचे असतात.

सगळ्यांत वाईट काम म्हणजे मुंडन. फांद्या अर्ध्यावर तोडून झाडाचे नुसते ठोंब ठेवणं. पानं गेली म्हणजे स्वयंपाकघर गेलं. झाड घाबरून खोडातल्या साठ्यावर प्रत्येक ठोंबाला झुडपासारखे धुमारे फोडतं. हे धुमारे सालीत वरवर रुजलेले असतात, आणि दोन-तीन पावसाळ्यांत मनगटाएवढे झाले की खालच्या कुजलेल्या ठोंबावरून निसटतात. म्हणजे ज्या भीतीने मुंडन केलं, ती भीती खरी करण्याची ही खात्रीची रीत आहे. त्यात बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक, गटारासाठी एका बाजूची मुळं तोडलेली, तारांखाली एका अंगाने भादरलेला माथा. मग झाड पडलं की पंचनाम्यात 'जोरदार वाऱ्यामुळे'.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ सालचा आहे. त्यात झाड 'तोडणे' या शब्दाच्या व्याख्येत जाळणं, कापणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सगळं येतं. स्वतःच्या अंगणातल्या झाडालाही पालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायला सांगितली. नागरी हद्दीबाहेर १९६४ चा वृक्षतोड अधिनियम. त्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, साग, अगदी कांदळवनंही आहेत. नारळ नाही. वाडीच्या माणसाला हे फरक पाठ असतात, सोसायटीच्या माणसाला नसतात. झाडवाल्याला कागद दाखवायचा असतो सोसायटीने, पण रविवारी सकाळी मशीनचा आवाज ऐकून कुणी तक्रार केली तर फांदीवर करवतीसह सापडतो तो झाडवालाच. म्हणून शहाणे लोक परवानगीची छायाप्रत खिशात आल्याशिवाय दोर काढत नाहीत. सगळ्यांना हा शहाणपणा परवडत नाही.

मशीन म्हणजे चेनसॉ. लिटरभर पेट्रोलमध्ये वीस मिली टू-स्ट्रोक तेल, हा पन्नासास एकचा हिशेब बिघडला की इंजिन जाम. साखळीला धार रोज लावावी लागते, कारण रस्त्याकडेच्या झाडांत लोकांनी खिळे ठोकलेले असतात. शिकवणीच्या जाहिरातीचा एक खिळा सालीने गिळलेला असला की अख्खी साखळी जाते, आणि साखळी उडाली तर कोणाकडे जाईल ते सांगता येत नाही. झाडाच्या टोकाला मात्र अजून कोयता आणि हातकरवतच. एका हाताने झाड धरायचं असेल तर दुसऱ्या हातात दोन हातांचं यंत्र घेऊ नये, एवढं साधं आहे.

या धंद्याचं वर्ष पंचांगावर नाही, वाऱ्यावर चालतं. एप्रिल-मे पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीचा. फोन थांबत नाही, आणि नेमकी हीच वेळ पक्ष्यांच्या घरट्यांचीही, हे कुणी बोलत नाही. नारळी पौर्णिमा, गणपती, नवरात्र नारळाचे. पौष-माघात आंबा मोहरलेला, त्याला हात लावायचा नाही. तेव्हा बांडगुळं काढायची, खोडकिड्याचा भुसा बुंध्याशी पडला आहे का ते पाहायचं, विहिरीवर झुकलेला शेवगा कमी करायचा, लग्नाच्या मांडवाला झावळ्या द्यायच्या. आणि जून ते सप्टेंबर म्हणजे पडलेली झाडं.

पडलेलं झाड उभ्या झाडापेक्षा धोक्याचं. भिंतीवर रेललेल्या खोडात धनुष्यासारखा ताण भरलेला असतो. चुकीच्या बाजूने काप घेतला की ते उसळतं. खाली तुटलेली तार असेल तर ती मेलेली आहे की जिवंत, हे अंधारात ठरवायचं. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या किनाऱ्याजवळून गेलं. कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी ११४ किलोमीटर नोंदला गेला. त्या वेळी टाळेबंदीचे निर्बंध होते आणि तरीही झाडवाल्यांना उसंत नव्हती. वादळात माड कमी पडतात, कारण त्यांच्या झावळ्या वाऱ्याला वाट देतात आणि हजारो बारीक मुळं जमीन धरून ठेवतात. पण आतून पोखरलेला माड मुकाट्याने पडतो. जुलै २०१७ मध्ये चेंबूरला रस्त्याने जाणाऱ्या एका महिलेवर माड कोसळून तिचा मृत्यू झाला. ते दृश्य सगळ्या वाहिन्यांवर दिसलं, आणि सोसायट्यांच्या सभांत 'माड काढून टाका' हा विषय पुढे आला. टोला मारून आवाज ऐकणारा माणूस त्या सभेला बोलावलेला नसतो.

पैसे कसे ठरतात? नारळाला माडामागे, छाटणीला अंगावर. झाडाला फेरी मारता मारता तो मनात फांद्या मोजतो, खालची अडगळ मोजतो, मग एक रक्कम सांगतो. घासाघीस होते. लाकूड कुणाचं, हे आधी बोलून घ्यावं लागतं. आंबा-चिंचेचं लाकूड असेल तर मजुरीत सूट. पर्जन्यवृक्षाचं असेल तर उलट टेम्पोचे वेगळे पैसे, कारण ते कुणाला नको असतं. त्यातून दोन मदतनीस, पेट्रोल, साखळी, आणि पाय मुरगळला तर घरी बसायचे दिवस. असंघटित कामगारांसाठी २०२१ मध्ये ई-श्रम पोर्टल आलं, काहींनी नाव नोंदवलं. गुडघे बहुधा पन्नाशीत संपतात. त्यानंतर तो खालचा दोरवाला होतो, आणि वरच्याला सूचना देत राहतो.

काकाही शेवटी खालीच उभे राहत. वर त्यांचा पुतण्या. मला आठवतो तो झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशीचा. ईस्टरच्या आधीच्या या रविवारी वसईच्या सगळ्या चर्चमध्ये कोवळ्या, पिवळसर झावळ्या आशीर्वादित करतात. लोक त्यांच्या पात्यांचे क्रूस विणून वर्षभर घरात लावतात, आणि पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारी कपाळाला लागते ती याच झावळ्यांची राख. हवी असते ती अर्धी उलगडलेली झावळी, आणि ती असते कोंबाला लागून. मधला सुळका तोडला तर दिसायला आणखी सुंदर, पण मग कोयता आणि कोंब यांच्यात काही उरत नाही. खाली आळीतली पोरं गोळा झालेली, सगळ्यांना भरपूर हव्या. पुतण्या वरून विचारतो, किती? पोरं ओरडतात, दहा! तो काकांकडे बघतो. काका कोयत्याच्या पाठीने शेजारच्या माडावर टोला मारतात, ऐकतात, आणि वर न बघता म्हणतात, "एका माडाची एकच. उतर, आता ह्याच्यावर चढ."